इंजिनिअरिंग कॅपचा पसंतीक्रम ठरवताना या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच काम सुरू होतं. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडायची, आपल्या पर्सेंटाइलमध्ये बसणारी कॉलेजं शोधायची आणि ‘हे तर नक्की मिळेल’ त्याला वर ठेवायचं. नात्यातल्या, शेजारच्या मुलांचे कॅपचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, ऑप्शन फॉर्म भरताना मी दरवर्षी सोबत बसतो. सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने झालेलं पाहिलं आहे.

जागावाटप कसं होतं ते आधी नीट समजून घ्या. सगळं मेरिट क्रमांकाने चालतं. तुमचा क्रमांक आला की तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि ज्या पहिल्या पर्यायात तुमच्यासाठी जागा आहे, ती तुम्हाला मिळते. वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क जराही कमी होत नाही. त्यामुळे पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय पहिल्या ओळीत लिहिलं आणि नाही मिळालं, तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते मनातून नको असलेलं कॉलेज भीतीपोटी वर टाकलं की.

शेजारच्या काकांनी हेच केलं. ‘एक तरी पक्कं असू दे’ म्हणून घराजवळचं कॉलेज पहिल्या नंबरला लिहिलं. पहिल्याच फेरीत ते लागलं आणि पहिली पसंती असल्यामुळे जागा आपोआप फ्रीज झाली, म्हणजे तीच कायम, पुढच्या फेरीत बदल नाही. नंतर त्या फेरीचा कटऑफ आला तेव्हा कळलं, मुलाला मनापासून हवं असलेलं, चौथ्या ओळीतलं कॉलेज त्याच्या पर्सेंटाइलला आरामात मिळत होतं. मुलगा त्या पानाकडे नुसता बघत राहिला. त्याची काहीच चूक नव्हती.

2025-26 पासून ही काळजी आणखी वाढली आहे. त्या वर्षी कॅपच्या 4 फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या 3 आणि तिसरीत पहिल्या 6 पैकी काहीही लागलं तर जागा आपोआप फ्रीज. ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून 300 पर्याय भरता येत असले, तरी पहिल्या 6 ओळींवर बाकी सगळ्या यादीइतका वेळ द्या. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे लागलं, तर पुढची फेरी न बघता आनंदाने जाशील का? उत्तर द्यायला मुलगा किंवा मुलगी अडखळली, तर ती ओळ खाली न्या. आणि यादीच्या शेवटाला दुसरा प्रश्न: हे एकच मिळालं तर जाणार का? नाही म्हणत असाल तर ते खोडा. यादी अशीच लहान होते.

दुसरी चूक कटऑफ वाचण्यातली. कटऑफच्या आकड्यावर लिहिलेल्या प्रवर्गाच्या कोडचं पहिलं आणि शेवटचं अक्षर बघितलंच जात नाही. सुरुवातीला एल असेल तर ती जागा मुलींसाठी राखीव. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून झाली यावरून, घर कुठे आहे यावरून नाही. सांगलीचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला राहिला असेल, तर त्याचं विद्यापीठ नांदेडचं धरलं जातं. जिथे जागा अशा वाटल्या जातात, तिथे स्वतःच्याच जिल्ह्यातल्या कॉलेजसाठी त्याने ओ चा आकडा बघायला हवा. अशी बरीच मुलं एच चा आकडा धरून बसतात आणि मग ‘एवढे मार्क असून का नाही लागलं?’ म्हणून रडकुंडीला येतात.

गेल्या वर्षी नसलेली नवी शाखा कटऑफच्या पीडीएफमध्ये दिसणारच नाही. त्यासाठी यंदाचा सीट मॅट्रिक्स, म्हणजे कॉलेज आणि शाखांनुसार जागांचा तक्ता, उघडा. कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, प्रत्येकाचा चॉइस कोड वेगळा असतो. एक भरला म्हणजे बाकीचे आले, असं होत नाही.

प्लेसमेंटचं काय? रस्त्यावरच्या फ्लेक्सवर असतं ते एका मुलाचं पॅकेज. त्याऐवजी एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेणाऱ्या कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन त्यांनी भरलेली माहिती उघडा. किती जण ठरलेल्या वेळेत पदवीधर झाले, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती, हे तक्त्यात ओळीने दिलेलं असतं. मीडियन म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्या मुलांना त्याहून कमी मिळाला. हा तक्ता बघून आमच्या यादीतली दोन नावं एका संध्याकाळी गळाली. हे आकडे सगळ्या शाखांचे मिळून असतात, एवढं मात्र ध्यानात ठेवा. एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचं मानांकन शाखेला असतं, तेही आपल्या शाखेचं आहे का ते बघा.

फीचा विचार यादी करतानाच करा. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते. वसतिगृह आणि मेस त्यात धरू नका. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली, तर ही माफी मिळत नाही. महाग म्हणून एखादं चांगलं कॉलेज मुलीच्या यादीतून काढण्याआधी हे तपासा.

पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही, तर घाबरून कुठे पैसे भरू नका. यादी फक्त वरच्याच कॉलेजांची होती का, ते बघा आणि पुढच्या फेरीत खालच्या ओळी वाढवा. मिळालं आहे पण अजून वरचं हवं आहे, तर बेटरमेंट, म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्यासाठी थांबणं, निवडा. मात्र वरचं लागलं की आधीची जागा जाते, म्हणून बेटरमेंटला जाण्याआधी वरच्या ओळी पुन्हा वाचा.

फॉर्म नुसता सेव्ह करून लॅपटॉप बंद करू नका. शेवटच्या दिवसाची वाट न बघता कन्फर्म करा, प्रिंट काढा आणि त्या कागदावरच्या पहिल्या 6 ओळी मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचायला सांगा.