चित्रांवर अभिप्राय देताना-घेताना होणाऱ्या या चुका टाळा

रविवारी सकाळी फुटाळ्यावर, अंबाझरीला किंवा महालातल्या एखाद्या जुन्या वाड्यासमोर बसून चित्र काढायचं आणि दुपारी त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, हा नागपुरातल्या कितीतरी चित्रवेड्यांचा क्रम आहे. पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. ‘एक नंबर भाऊ’, ‘कडक’, ‘सुंदर ताई’, टाळ्यांचे इमोजी, आणि अर्ध्या तासात चित्र वर सरकून दिसेनासं होतं. काढणाऱ्याला बरं वाटतं, पण पुढच्या रविवारी तो पुन्हा त्याच जागी अडतो. वर्षभर नेमाने चित्रं काढूनही हात सुधारत नाही, तेव्हा माणूस हळूहळू चित्र टाकणंच बंद करतो. मला हे फार लागतं, कारण अशा अनेकांची अडचण दोन नेमक्या वाक्यांत सुटण्यासारखी असते. ती वाक्यं कुणी बोलत नाही, किंवा बोललंच तर अशा रीतीने की समोरचा ऐकायचंच थांबवतो.

‘छान’ म्हणून मोकळं होणं

झीरो माइलच्या स्तंभाजवळचे घोड्यांचे पुतळे घ्या. शहरात चित्र काढायला लागलेले बरेच जण कधी ना कधी त्यांच्यासमोर वही घेऊन बसतात. चित्र ग्रुपवर येतं आणि एखादा लिहितो, ‘कायतरी खटकून राहिलं भाऊ, पण सांगता नाही येऊन राहिलं.’ हा अभिप्राय प्रामाणिक आहे, पण अर्धाच. नेमकं कुठे खटकलं हे शोधायची मेहनत बाकी राहिली.

घोड्याच्या चित्रात नवशिक्याची चूक पुष्कळदा मागच्या पायात असते. पुढच्या पायाचा गुडघा पुढे वाकतो, म्हणून मागच्या पायाचा मधला सांधाही तसाच काढला जातो. खरं तर तो सांधा म्हणजे घोड्याची टाच. तिचं टोक मागच्या बाजूला असतं, आणि खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. आता ‘घोडा लाकडी वाटतो’ हे वाक्य आणि ‘डावीकडच्या घोड्याच्या मागच्या पायाचा सांधा उलटा वाकलाय, टाच मागे घेऊन बघ’ हे वाक्य शेजारी ठेवा. पहिलं ऐकून वही मिटावीशी वाटते, दुसरं ऐकून पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते.

म्हणून अभिप्राय लिहिण्याआधी चित्रातली एक जागा निश्चित करा. तिथे तुमची नजर अडकली, घसरली की गोंधळली, ते सांगा. कारण कळलं तर तेही सांगा. कारण कळलं नाही तरी जागा सांगाच, कारण शेजारी बसलेल्या कुणाला तरी ते माहीत असतं.

कौतुकालाही हेच लागू आहे. ‘आकाश मस्त’ यातून चित्रकाराच्या हाती काही लागत नाही. ‘आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) एका दमात सोडलाय, वरून परत ब्रश फिरवला नाही, म्हणून मोकळं वाटतंय’ असं सांगितलं तर पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं हे त्याला कळतं. काय राखायचं हे न सांगता फक्त काय बदलायचं तेवढं सांगितलं, तर माणूस दुरुस्तीच्या नादात चांगलंही पुसून टाकतो.

रझांना मिळालेला अभिप्राय

या विषयात मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण नागपूरशी जोडलेलं आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि तिथून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. रझांची चित्रं पाहून त्यांनी सांगितलं, की तुमच्यात गुण आहेत, पण चित्रांत बांधणी नाही. सेझान या फ्रेंच चित्रकाराची चित्रं अभ्यासा.

एवढंच. पण त्यात काय काय आहे ते बघा. हातात काय आहे ते मान्य केलं, काय कमी आहे ते एका शब्दात सांगितलं, आणि ते कुठे शिकायला मिळेल त्याचा पत्ता दिला. दहा उणिवांची यादी दिली नाही. ‘माझ्यासारखं करा’ म्हटलं नाही. रझांनी ते मनावर घेतलं आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. त्यांच्या नंतरच्या चित्रांतले त्रिकोण, वर्तुळं आणि तो ठाम बिंदू ज्यांनी पाहिलाय, त्यांना ‘बांधणी’ या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको.

तिसरा भाग, पत्ता, आपल्याकडे हमखास राहून जातो. ‘टोन (रंगांचा फिके-गडदपणा) कमजोर आहेत’ असं म्हणून आपण थांबतो. त्याऐवजी ‘फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघ, पुढचं झाड आणि मागचा वाडा एकाच करड्यात मिसळलेत’ असं लिहा. तपासण्याचा मार्ग हाती दिला, की माणसाला दर वेळी तुमच्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

चित्राऐवजी फोटोवर बोलणं

ग्रुपवर आपण जे पाहतो तो चित्राचा फोटो असतो, हे विसरल्यामुळे किती अभिप्राय वाया जातात! फोन अगदी जवळ आणि तिरका धरला की वाड्याचे सरळ खांब वर जाऊन एकमेकांकडे झुकतात, आणि मग चार जण पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळ-दूरचा हिशोब, शिकवू लागतात. उन्हाळ्यातलं पिवळं पडलेलं मैदान रंगवलं असेल, तर फोन स्वतःच्या हिशोबाने रंग सुधारायला जातो आणि त्यातला पिवळाच कमी करतो. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत कातडीचा रंग हिरवट येऊ शकतो. जलरंग ओला असताना फोटो घेतला असेल तर तो गडद दिसतो. वाळल्यावर तोच रंग फिका पडतो.

चित्र टाकणाऱ्याने एवढं करावं: दिवसाउजेडी, पण थेट उन्हात नाही, तर गॅलरीत किंवा अंगणातल्या सावलीत चित्र ठेवावं. फोन कागदाला समांतर धरावा, थोडं लांब राहून फोटो घ्यावा आणि नंतर क्रॉप करावा. कागदाची पांढरी कड फोटोत राहू द्यावी, म्हणजे बघणाऱ्याला पांढरा कसा आलाय यावरून बाकी रंगांचा अंदाज येतो. अभिप्राय देणाऱ्याने रंगावर बोलण्याआधी ‘मूळ चित्रात पण हा निळा एवढाच थंड आहे का?’ असं विचारून घ्यावं.

हवामान आणि साहित्य न विचारता निदान करणं

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. अशा हवेत बाहेर बसून जलरंग केला तर वॉश पसरायच्या आतच कागद वाळतो आणि रंगाला नको तिथे कडक कडा येतात. ‘कडा फार कडक आल्यात, सराव कमी पडतोय’ हा शेरा इथे अन्यायाचा आहे. सराव कितीही असला तरी वाळलेल्या कागदावर रंग मिसळणार नाही. सकाळी लवकर सुरू करणं, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेणं, मोठा ब्रश वापरणं, एका वेळी लहान भाग रंगवणं हे उपाय सांगितले तर त्याचा उपयोग होतो. पातळ कागदावर काम असेल तर तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. तिथेही दोष हाताचा नसतो.

आपली आवड सल्ला म्हणून देणं

कुणी तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची मारबत मिरवणूक रंगवली. काळी मारबत, पिवळी मारबत, बडग्या यांचे मोठाले पुतळे, गर्दी, उडणारा गुलाल, सगळं भडक. त्यावर मऊ निसर्गचित्रं काढणारे एक काका लिहितात, ‘रंग जरा शांत ठेवा.’ काकांचा हेतू चांगला आहे, पण हा त्यांच्या चित्राचा उपाय आहे. त्या मिरवणुकीत इडा-पीडा बाहेर काढण्याचा जो आरडाओरडा असतो, तो शांत रंगांत कसा यायचा? आधी विचारावं: ‘तुला गोंगाट दाखवायचाय की मारबतीचा चेहरा?’ चेहरा दाखवायचा असेल तर मागच्या गर्दीचे रंग उतरवायला सांगणं योग्य. गोंगाट दाखवायचा असेल तर कदाचित भडकपणा अजून कमीच पडला असेल.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे न विचारता दुसऱ्याच्या चित्राच्या फोटोवर लाल रेघा ओढून सगळ्यांसमोर टाकणं. प्रमाण समजावायला त्या रेघा फार कामाच्या असतात, पण आधी परवानगी घ्या आणि शक्यतो त्या व्यक्तीलाच पाठवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर त्यांच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवूच नका. शेजारी कोरा कागद घ्या आणि त्यावर काढून दाखवा.

नखापासून सुरुवात करणं

व्यक्तिचित्रात डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. ते वर सरकले असतील, तर पापण्यांच्या केसांवर बोलण्यात अर्थ नाही. आधी रचना, मग प्रमाण, मग टोन, मग रंग, आणि शेवटी बारकावे. वरच्या पायरीवर चूक दिसली की खालच्या पायऱ्यांवर त्या दिवशी बोलू नये. एका चित्राला दोन मुद्दे खूप झाले.

वयाचा आणि मानाचा अडसर

ग्रुपमधल्या ज्येष्ठ सरांच्या चित्राला सगळे नमस्कार करतात आणि कुणीच काही बोलत नाही. त्यात सरांचं नुकसान होतं. ज्या हाताला पन्नास वर्षांची सवय आहे, त्या हाताच्या सवयी त्याला स्वतःला दिसत नाहीत. तरुणांना वाटतं, लहान तोंडी मोठा घास कसा घ्यायचा? मार्ग आहे. निकाल न देता आपल्या नजरेचं काय झालं ते सांगावं: ‘सर, माझी नजर सारखी उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या बैलाकडे जातेय. तुम्हाला तसंच हवं होतं का?’ यात आदर आहे आणि सांगायचं ते पोचतंही.

बायकांच्या चित्रांना मात्र फक्त ‘सुंदर ताई’, ‘खूप छान मॅडम’ एवढंच मिळतं, हे मी सतत पाहते. चित्राकडे गांभीर्याने बघण्याचं टाळण्यासाठी वापरलेला हा गोडवा आहे. ताईंनाही पर्स्पेक्टिव्हबद्दल ऐकायचं असतं.

घेणाऱ्याच्या चुका

‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. प्रश्न नेमका हवा: ‘तलावाचं पाणी आडवं वाटतंय की उभ्या भिंतीसारखं?’ सोबत माध्यम, कागदाचा आकार, समोर बसून केलं की फोटोवरून, पूर्ण आहे की अर्धं, एवढं लिहावं. आणि आज फक्त दाखवायचं असेल, अभिप्राय नको असेल, तर तसंही स्पष्ट लिहावं. त्यात काही वावगं नाही.

अभिप्राय आला की लगेच ‘वेळच नव्हता’, ‘कागद साधा होता’ अशी सफाई देऊ नये. पुढच्या वेळी तो माणूस बोलणार नाही. ‘बघतो’ म्हणावं आणि खरंच बघावं. फोटो आरशासारखा उलटा करून पाहिला तर झुकलेला चेहरा किंवा एका बाजूला कललेली रचना लगेच उघडी पडते.

दोन जणांनी परस्परविरुद्ध सांगितलं तर गोंधळू नका. एक म्हणतो झाड गडद करा, दुसरा म्हणतो झाड काढूनच टाका. उपाय वेगळे आहेत, पण दोघांचंही बोट त्याच झाडावर आहे. तिथे काहीतरी बिघडलंय हे धरून चाला, उपाय तुमचा तुम्ही शोधा. एकट्याच माणसाला खटकलं असेल आणि आरशातही काही सापडलं नाही, तर ते सोडून देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शेवटचा मुद्दा माध्यमाचा. तैलरंग किंवा ॲक्रिलिक असेल तर वाळल्यावर वरून दुरुस्ती करता येते. जलरंगात मात्र त्याच कागदावर परत परत ब्रश घातला की रंग मळकट होतात आणि कागदाची साय निघते. म्हणून जलरंगावरचा अभिप्राय त्या चित्रावर न वापरता कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा. त्याच जागेचं तळहाताएवढं छोटं चित्र तीन-चार वेगवेगळ्या टोनमध्ये करून बघावं, त्यातलं जे उभं राहील ते घेऊन नवा कागद ताणावा आणि चित्र झालं की ज्याने सुचवलं होतं त्याला आधी पाठवावं.