रेशनचं धान्य खराब निघालं तर बदलून कसं घ्यायचं

आमच्या शेजारच्या आत्यांनी मागे एकदा रेशनचा तांदूळ सुपात घेतला आणि त्यातले जरा पिवळट, जरा वेगळेच दिसणारे दाणे वेचायला बसल्या. दुपारपर्यंत वाटीभर जमले. "प्लास्टिक घालतात मेले," म्हणत ती वाटी घेऊन त्या तरातरा दुकानावर गेल्या. दुकानदार म्हणाला, "आत्या, पोत्यात आलं तेच मी दिलं." त्यावर बरीच बाचाबाची झाली आणि आत्या वाटी उकिरड्यावर ओतून घरी आल्या. गंमत अशी की त्याच खेपेच्या गव्हाला जाळी धरली होती, पिशवीत हात घातला की बोटांना तंतू चिकटत होते. त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. "फुकटच्या धान्यात एवढं चालायचंच."

म्हणजे चांगलं होतं ते फेकलं आणि परत करायचं होतं ते चाळून खाल्लं. हा लेख त्यासाठीच.

आधी ते 'फुकटचं' डोक्यातून काढा. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय (अतिगरीब कुटुंबाच्या) कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. पूर्वी तांदळाला किलोमागे ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये मोजावे लागत, १ जानेवारी २०२३पासून तेही लागत नाहीत. पण दुकानदार हे पदरचं वाटत नाही. त्याला सरकार क्विंटलमागे कमिशन देतं. तुमच्या नावावर १० किलो गहू चढला, तर तो १० किलो खाण्याजोगा गहूच असायला हवा.

परत करण्याजोगं काय, काय नाही

सगळ्यात जास्त भांडणं त्या 'प्लास्टिक' दाण्यांवरून होतात, म्हणून ते आधी. रेशनचा तांदूळ पोषणयुक्त केलेला असू शकतो. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि १०० किलो तांदळात असे १ किलो दाणे मिसळतात. म्हणजे साधारण शंभरात एक. १५ किलो तांदळात दीडशे ग्रॅम, आत्यांची वाटी नेमकी तेवढीच भरली असणार. हे दाणे रंगाला थोडे वेगळे असतात, धुताना पाण्यावर तरंगतात, म्हणून संशय येतो. एक करून बघा: आठ-दहा दाणे वेगळे काढून मूठभर तांदळासोबत शिजवा. ते भातासारखेच शिजतात आणि बोटाने दाबले की पिठूळ होतात. प्लास्टिक शिजत नाही. तेव्हा ते वेचू नका आणि तांदूळ चार-चार पाण्यांनी खळखळून धुऊ नका. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल, तर मात्र लोह वाढवलेल्या तांदळाबद्दल डॉक्टरांना एकदा विचारा.

तांदळात कणी दिसली म्हणून परत न्यायला जाल, तर बहुतेक वेळा हेलपाटा होईल. सरकारी खरेदीच्या निकषात कच्च्या तांदळात २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आला आहे. जुन्या तांदळाचा थोडा उग्र वास, गव्हात दोन-चार काळपट दाणे, हेही त्यातच.

परत करायचं ते असं: बुरशी धरलेलं, भिजून गोळे झालेलं, कुबट वासाचं. जाळी धरलेला, पोखरून पोकळ झालेला गहू. सोंडे किंवा पोरकिडे नुसते सापडत नाहीत, बुजबुजलेत असं धान्य. उंदरांच्या लेंड्या असलेलं. माती-खडे इतके, की निवडून वजनच कमी भरेल असं. बुरशीच्या धान्याला तर ऊन दाखवून, धुऊन, दळून काही उपयोग नाही. ते गुरांनाही घालू नका.

अंगठा देण्याआधीची दोन मिनिटं

बदलून घेण्याची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे अजून घेतलेलंच नसतं ती. पॉस मशीनवर, म्हणजे दुकानातल्या ठसा घेणाऱ्या यंत्रावर, थम (अंगठा) लागला, पावती निघाली, की धान्य तुमच्या नावावर उचललं गेलं. त्यानंतर बोलणं जड जातं. म्हणून रांगेत तुमचा नंबर आला, की आधी उघड्या पोत्याकडे जा. वरचं धान्य हवेशीर असतं, चांगलंच दिसतं. कोपरापर्यंत हात आत घालून खालची मूठ काढा, तळहातावर पसरा, फुंकर मारा, वास घ्या. गहू असेल तर चार दाणे दाताखाली फोडा. कुणी "चला, चला, मागे लाइन आहे" म्हणेल. म्हणू द्या.

दुकानात धान्याचा नमुना मांडलेला असणं नियमाने बंधनकारक आहे. फलकावर साठा, दर, वेळ आणि तक्रार कुठे करायची हेही लिहिलेलं हवं. नमुन्याच्या बरणीतला गहू टपोरा आणि पोत्यातला पोकळ असेल, तर शब्दही न बोलता बरणीकडे बोट दाखवलं तरी पुष्कळदा काम होतं.

"दादा, हे पोतं नको, दुसरं फोडा." एवढंच म्हणायचं. दुसरं चांगलं पोतं नसेल, तर थम न देता परत या आणि कधी येऊ ते विचारून ठेवा. महिना संपायला आला असेल तर मात्र नुसतं परतू नका, तिथूनच हेल्पलाइनला फोन लावा. त्या महिन्याचं उचललं नाही, तर पुढे मिळेलच असं धरून चालू नका.

वजनाचंही याच दोन मिनिटांत. घरून मिठाचा एक किलोचा न फोडलेला पुडा पिशवीत टाकून न्या आणि आपलं धान्य मोजण्याआधी काट्यावर ठेवा. काटा एक किलोच्या खाली दाखवत असेल, तर पुढचं सगळं माप तसंच पडणार. "गोणीत घट येते, त्यामुळे किलोभर कमी" हे कारण ऐकून घेऊ नका. घट आली तर ती तुमच्या पिशवीतून काढायची नसते.

घरी आल्यावर लक्षात आलं तर

नव्वद टक्के घरी इथे चूक होते, कारण धान्य आणलं की आपण ते सरळ डब्यात ओततो. जुन्यात नवं मिसळलं, की खराब कोणतं होतं हे सांगणार कसं? शिवाय दुकानदार म्हणणार, "किडे तुमच्या डब्यातले." म्हणून नवं धान्य एक दिवस वेगळं ठेवा. एका परातीत दोन-तीन किलो पसरून बघा. खराब वाटलं तर न निवडता, न चाळता, न धुता तसंच पिशवीत भरा. शेजारी पावती ठेवून दोन फोटो काढा, एक पिशवीचा आणि एक मुठीतल्या धान्याचा.

पावती नसेल, तर पुढच्या वेळी मागून घ्याच. तोवर महाईपॉस या रेशनवाटपाच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या कार्डाचा १२ आकडी क्रमांक टाकला, की कोणत्या तारखेला कोणत्या दुकानातून किती किलो उचललं ते दिसतं. हे पान नुसतं उघडून बघण्यासारखंही आहे. हातात २० किलो आणि नोंदीत २५ किलो, असं अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

मग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दुकानावर जा. सगळं धान्य न्या, नमुन्याची पुडी नको. त्यातला अर्धा गहू दळून आणून "उरलेला बदला" म्हणालात, तर तुमची बाजू लंगडी पडते.

दुकानदाराशी बोलताना एक ध्यानात असू द्या. धान्य अन्न महामंडळाच्या गोदामातून तालुक्याच्या सरकारी गोदामात आणि तिथून ५०-५० किलोच्या गोण्यांत त्याच्या दारात येतं. गोणी मधेच कुठे भिजली हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून "तू चोर आहेस"पासून सुरुवात करू नका. "दादा, तुमच्याकडे आलेला मालच खराब आहे. मला दुसऱ्या पोत्यातलं द्या आणि हे पोतं गोदामाला परत कळवा," असं म्हटलं, की तो आणि तुम्ही एका बाजूला येता. माझा अनुभव असा, की निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

बदली धान्य घेताना पुन्हा थम देऊ नका. तुमचं धान्य मशीनवर आधीच चढलेलं आहे, ही फक्त पिशवीची अदलाबदल. दुसऱ्यांदा अंगठा मागितला, तर कशासाठी ते विचारा आणि पावती बघितल्याशिवाय हलू नका.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: खराब धान्याच्या बदल्यात रोख घेणं. "राहू द्या वहिनी, हे घ्या दीडशे रुपये" असं कुणी म्हणालं, तर गोड वाटतं, पण रेशनचं धान्य विकणं गुन्हा आहे आणि त्या व्यवहारात तुम्हीही अडकता. पुढच्या महिन्यापासून धान्याऐवजी पैसेच पुढे येतात, ते वेगळंच. अमेरिकेतही गरिबांना किराण्यासाठी सरकारी कार्ड मिळतं, तिथे माल परत केला तर पैसे हातात देत नाहीत, त्याच कार्डावर परत जमा करतात. कारण तेच.

दुकानदाराने हात वर केले तर

आता कागद लागतो. तालुक्याला तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा, मुंबईत तुमच्या भागाचं शिधावाटप कार्यालय, पुण्यासारख्या शहरात अन्नधान्य वितरण कार्यालय. अर्ज अर्ध्या पानाचा पुरे:

"विषय: रास्त भाव दुकानातून मिळालेले खराब धान्य बदलून मिळणेबाबत. माझा शिधापत्रिका क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी दुकान क्रमांक अमुक येथून गहू १० किलो व तांदूळ १५ किलो घेतले. पावतीची प्रत व फोटो सोबत जोडले आहेत. गव्हाला जाळी असून तो खाण्यायोग्य नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे बदलून मागितला असता नकार मिळाला. गहू जसाच्या तसा घरी ठेवला आहे. त्याची व दुकानातील साठ्याची पाहणी करून पंचनामा करावा आणि १० किलो चांगला गहू मिळावा, ही विनंती."

राग, विशेषणं, दुकानदाराची जुनी पापं यात नकोत. किलो, तारीख आणि मागणी एवढंच. 'साठ्याची पाहणी' हे शब्द मात्र गाळू नका. पुरवठा निरीक्षक पोती बघायला आला, तर तुमच्या १० किलोंबरोबर सगळ्या आळीचा गहू तपासला जातो. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच घरी या. पोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यात टाकलेला दगड. चार-पाच कार्डधारकांनी एकत्र सही केली तर उत्तमच, खराब पोतं काही एकट्या तुमच्या वाट्याला आलेलं नसतं. गावात दक्षता समिती असते, तिच्या सदस्यांना प्रत द्या. पुढच्या बैठकीत विषय निघतो.

चालणं होत नसेल, तर हेल्पलाइन १९६७ किंवा १८००-२२-४९५०. फोनवर कार्ड क्रमांक आणि दुकान क्रमांक विचारतात, ते हाताशी ठेवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

तिथेही काही हललं नाही, तर अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला आहे आणि त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सांगूनही एखाद्या कर्मचाऱ्याने दिलासा दिला नाही, तर आयोग त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. दहा किलो गव्हासाठी इथवर सहसा जावं लागत नाही, पण अर्जात "अन्यथा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागेल" ही एक ओळ घातली तर फाइल लवकर उघडते.

एवढं करून गहू बदलून मिळाला, पण त्या दुकानाची पायरी पुन्हा चढावीशी वाटत नसेल, तर चढू नका. कार्ड आता एका दुकानाला बांधलेलं नाही. आमच्या आत्या हल्ली दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जातात. ना अर्ज, ना बदलीचा दाखला. नुसता कार्डाचा क्रमांक सांगतात आणि अंगठा लावतात, तोही पोत्यात कोपरापर्यंत हात घालून झाल्यावर.