१९७३ चं घोडेस्वाराचं नाणं? आधी मणी मोजा
कॅनडातल्या सुट्ट्या पैशांत १९७३ चं २५ सेंटचं नाणं हाती आलं, तर लगेच खर्चू नका. एका बाजूला घोड्यावरचा पोलीस असतो, पण खरी गंमत दुसऱ्या, राणी एलिझाबेथच्या छबीच्या बाजूला आहे. कडेचे बारीक मणी भिंगाखाली मोजा. १२० भरले तर नेहमीचं. १३२ भरले तर राणीची मोठी छबी असलेलं दुर्मीळ नाणं! मोजताना डोळे शिणतात, म्हणून मी आधी शेजारी १९७२ चं नाणं ठेवते. छबी तेवढीच मोठी आणि मणी तसेच कडेला चिकटलेले दिसले, तरच मोजायला बसते. आणि कृपा करून चिंच-लिंबाने घासू नका. लकाकी येते, किंमत जाते.