अपूर्णांकांचे छेद समान कसे करावेत

भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करताना, किंवा दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता हे ठरवताना, आधी त्यांचे छेद समान करून घ्यावे लागतात. पुष्कळ जण त्यासाठी सगळ्या छेदांचा सरळ गुणाकार करतात. त्याने उत्तर चुकत नाही, पण आकडे विनाकारण फुगतात आणि चूक होते ती बहुधा त्या फुगलेल्या आकड्यांतच. गुणाकाराला हात घालण्यापूर्वी छेदांकडे नीट पाहून कोणत्या छेदात कोणता अवयव कमी आहे एवढे ओळखले, तर बरीचशी उदाहरणे तोंडी सुटतात.

छेद समान का करायचे, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. सारख्या लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन एकीचा १/२ भाग आणि दुसरीचा १/३ भाग रंगवावा. रंगवलेल्या दोन तुकड्यांची बेरीज लगेच सांगता येत नाही, कारण ते तुकडे एका मापाचे नाहीत. आता दोन्ही पट्ट्यांचे सहा-सहा समान भाग पाडले, तर पहिलीत तीन आणि दुसरीत दोन भाग रंगलेले दिसतील, म्हणजे एकूण ५/६. रंगवलेली लांबी तसूभरही बदललेली नाही. बदलले आहे ते फक्त मोजण्याचे माप. याउलट जो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ हे उत्तर लिहितो, त्याने ते १/२ शी ताडून पाहावे: २/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे, आणि १/२ मध्ये काही मिळवल्यावर ते कमी होणे शक्यच नाही.

पहिली पायरी: प्रत्येक अपूर्णांक आधी संक्षिप्त करून घ्यावा. १५/४० + १/६ या उदाहरणात ४० आणि ६ यांचा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोघांनीही पूर्ण भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) १२० येतो. पण १५/४० ला ५ ने संक्षेप दिला की ३/८ मिळतो, ८ आणि ६ यांचा लसावि केवळ २४ आहे, आणि बेरीज ९/२४ + ४/२४ = १३/२४ अशी झटकन होते.

दुसरी पायरी: छेदांचे एकमेकांशी नाते काय आहे ते पाहावे. मोठ्या छेदाला लहान छेदाने पूर्ण भाग जात असेल, तर मोठा छेद हाच समान छेद; ३/४ + ५/१२ मध्ये फक्त ३/४ चे ९/१२ करायचे. छेदांत १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, जसे ५ आणि ७, तर मात्र त्यांचा गुणाकार हाच सर्वांत लहान समान छेद असतो आणि २/५ + ३/७ = १४/३५ + १५/३५ = २९/३५ असे लिहून मोकळे व्हावे.

खरे काम पडते ते या दोहोंच्या मधल्या उदाहरणांत, म्हणजे छेदांना सामाईक अवयव तर आहे, पण एकाने दुसऱ्याला पूर्ण भाग जात नाही तेव्हा. ५/१२ + ७/१८ हे उदाहरण घेऊ. छेदांचे मूळ अवयव पाडले की १२ = २ × २ × ३ आणि १८ = २ × ३ × ३ असे दिसते. समान छेदात प्रत्येक मूळ अवयव तितक्या वेळा हवा, जितक्या वेळा तो कोणत्याही एका छेदात जास्तीत जास्त आला आहे: २ दोनदा आणि ३ दोनदा, म्हणून ४ × ९ = ३६. आता १२ मध्ये एक ३ कमी आहे, म्हणून पहिल्या अपूर्णांकाचे अंश आणि छेद दोन्ही ३ ने गुणावेत. १८ मध्ये एक २ कमी आहे, म्हणून दुसऱ्याचे दोन्ही २ ने गुणावेत. १५/३६ + १४/३६ = २९/३६. हेच छेदांच्या सरळ गुणाकाराने केले तर ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६ येते आणि शेवटी ६ ने संक्षेप देऊन पुन्हा २९/३६ वरच यावे लागते.

येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. छेद बदलला की त्याच क्षणी अंशही बदलून लिहावा. ५/१२ चे घाईत ५/३६ होते ते छेद आधी सगळीकडे लिहून टाकण्याच्या सवयीमुळे. म्हणून (५ × ३)/(१२ × ३) अशी मधली ओळ सुरुवातीला तरी गाळू नये.

छेद मोठे असले तर मसाविची (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दोन्ही छेदांना पूर्ण भागणारी सर्वांत मोठी संख्या) रीत अधिक सोयीची पडते. ११/८४ − ५/१२६ मध्ये ८४ आणि १२६ यांचा मसावि ४२ आहे. छेदांना ४२ ने भागले की अनुक्रमे २ आणि ३ उरतात. या उरलेल्या संख्यांची अदलाबदल करून गुणावे, म्हणजे पहिल्या अपूर्णांकाला ३ ने आणि दुसऱ्याला २ ने: ३३/२५२ − १०/२५२ = २३/२५२. ही युक्ती आजची नाही. भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘लीलावती’त एकमेकांच्या छेदांनी गुणण्याचा नियम सांगून लगेच जोडले आहे की, बुद्धिमान माणसाने छेद सामाईक अवयवाने भागून घ्यावेत आणि मग गुणावे.

तीन किंवा अधिक अपूर्णांक असले तरी रीत बदलत नाही. ३/८, ५/६ आणि ७/२० यांच्या छेदांत २ जास्तीत जास्त तीनदा, ३ एकदा आणि ५ एकदा येतो, म्हणून समान छेद १२०. बेरीज ४५/१२० + १००/१२० + ४२/१२० = १८७/१२०, म्हणजेच १ पूर्णांक ६७/१२०.

लहान-मोठेपणा ठरवताना छेद समान केल्यावर फक्त अंश पाहायचे असतात. ७/१२ आणि ५/८ हे नुसते पाहून सांगणे कठीण, पण १४/२४ आणि १५/२४ असे लिहिले की ५/८ मोठा हे उघड होते.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या वजाबाकीत मात्र थोडे थांबावे लागते. ४ पूर्णांक १/६ मधून १ पूर्णांक ३/४ वजा करताना अपूर्णांक भाग २/१२ आणि ९/१२ असे होतात, आणि २ मधून ९ जात नाहीत. अशा वेळी ४ मधला एक पूर्ण सुटा करून त्याचे १२/१२ करावेत. मग ३ पूर्णांक १४/१२ वजा १ पूर्णांक ९/१२ म्हणजे २ पूर्णांक ५/१२. सुटा केलेला पूर्ण १० असा नव्हे, तर समान छेदाइतका धरायचा असतो, हे दशमान संख्यांची वजाबाकी हातात बसलेल्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

गुणाकारात छेद समान करण्याची गरजच नसते. ३/४ × ५/६ मध्ये अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणून, संक्षेप देऊन ५/८ मिळते. तेथे आधी बारावे भाग करत बसणे म्हणजे नुसता जास्तीचा खटाटोप. भागाकारात मात्र ही रीत अनपेक्षितपणे उपयोगी पडते: ३/४ ÷ ५/६ हे ९/१२ ÷ १०/१२ असे लिहिले की दोन्हींचे माप एक होते आणि उरतो तो केवळ अंशांचा भागाकार, ९/१०.