निवृत्त नौसैनिकाच्या आठवणी नोंदवताना : जहाजावरच्या आणि जहाज सोडल्यानंतरच्याही

घरात नौदलातून निवृत्त झालेले वडील, काका किंवा आजोबा असले, तर त्यांच्या नोकरीबद्दल घरच्यांना बहुधा दोन-तीन ठरलेले किस्से माहीत असतात. एक वादळ, एक परदेशी बंदर आणि १९७१चं युद्ध. त्या किश्श्यांच्या मागे पंधरा-वीस वर्षांचं रोजचं आयुष्य असतं, ते कुणी विचारत नाही. त्याहून कमी विचारलं जातं ते नोकरी सोडल्यानंतरच्या काळाबद्दल. नौसैनिकाला पेन्शन मिळायला किमान १५ वर्षांची सेवा लागते. अठरा-वीसच्या वयात भरती झालेला माणूस पस्तिशीच्या आसपास बाहेर पडतो आणि पुढची चाळीसेक वर्षं 'सिव्हिल'मध्ये काढतो. म्हणून पाच बैठका ठरवल्या असतील, तर त्यातल्या दोन या दुसऱ्या आयुष्यासाठी आधीच बाजूला काढा. नंतर बघू म्हटलं की त्या राहूनच जातात.

आधी कागद, मग प्रश्न

पहिल्या बैठकीच्या आठवडाभर आधी जुनी ट्रंक उघडा. सेवेचा दाखला, पेन्शन पेमेंट ऑर्डर, कोर्सची प्रमाणपत्रं, पदकं, फोटो, पत्रं, सगळं एका टेबलावर मांडा. कागदांवरून एक साधा तक्ता करा. डावीकडे वर्ष, मध्ये जहाज किंवा तळ, उजवीकडे हुद्दा. रिकाम्या जागा तशाच ठेवा, त्या बोलण्यातून भरतील.

पदकं पॉलिश करू नका. अनेक पदकांच्या कडेवर नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, आणि घासून घासून आधी तोच जातो. पदकं वाचता आली तर अर्धा तक्ता तिथेच भरतो. 'पूर्वी स्टार' असेल तर १९७१च्या युद्धात माणूस पूर्वेच्या आघाडीवर होता, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेच्या. 'संग्राम मेडल' मात्र त्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं, त्यावरून आघाडी ठरवू नका. दीर्घ सेवेची पदकं ९, २० आणि ३० वर्षांची असतात. त्यावरून भरतीचं वर्ष तपासता येतं.

घरच्यांची सर्वांत जास्त गफलत होते ती जहाजांच्या नावांत. नौदलात जुन्या जहाजाचं नाव नव्याला देण्याची परंपरा आहे. पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी दाखल झाली आणि १९९७मध्ये निवृत्त झाली. दुसरी आली २ सप्टेंबर २०२२ला. दोघींचा क्रमांकही एकच, आर ११. त्यामुळे फोटोतल्या जहाजावर आर ११ दिसलं तरी कोणती विक्रांत ते नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. दिल्ली, म्हैसूर, नीलगिरी, खुकरी ही नावंही एकाहून जास्त जहाजांना मिळाली आहेत. म्हणून जहाजाचं नाव लिहिताना त्याच्यापुढे वर्ष आणि प्रकार लिहाच: 'म्हैसूर, क्रूझर, १९६८' असं.

दुसरी गफलत 'आयएनएस' (इंडियन नेव्हल शिप) या अक्षरांची. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही तेच लावतात. मुंबईचं आंग्रे, मालाडचं हमला, लोणावळ्याचं शिवाजी, जामनगरचं वालसुरा, ओडिशातलं चिल्का हे सगळे जमिनीवरचे तळ आहेत. 'आजोबा शिवाजी जहाजावर होते' असं पुढच्या पिढीने लिहून ठेवलं की वाचणारे लोणावळ्याच्या डोंगरात समुद्र शोधत बसतात. याच नावांचा तपासणीसाठी फायदाही होतो. चिल्का तळ १९८०मध्ये सुरू झाला. प्राथमिक प्रशिक्षण तिथे झालं असेल, तर भरती त्याआधीची असू शकत नाही.

ध्वनिमुद्रण

फोन पुरतो, पण तो नीट वापरायला हवा. फोन विमान मोडवर टाका. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक घ्या आणि तो हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर लावा. माइक शर्टाच्या घडीला घासला तर प्रत्येक श्वासाला खरखर येते. मुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. एका माइकचं तासाभराचं मुद्रण साधारण ५२० एमबी होतं, म्हणून सुरुवातीलाच फोनमध्ये किमान ३ जीबी जागा मोकळी करा. एमपी३ ही प्रत नातेवाइकांना पाठवायला ठीक, मूळ प्रत म्हणून नको. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. माणूस हसला किंवा आदेश देऊन दाखवायला लागला की आवाज एकदम चढतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली किंवा चष्मा त्यावर ठेवा, म्हणजे जाताना तो परत चालू करायला विसरणार नाही. एक मिनिट मुद्रण करून इअरफोन लावून ऐका. ही पायरी टाळणाऱ्यांनाच दीड तासाची शांतता हाती लागते.

इंजिन रूममध्ये, बॉयलर रूममध्ये किंवा तोफांजवळ वर्षं काढलेल्यांना बहुधा कमी ऐकू येतं. जातात ते वरच्या पट्टीतले आवाज: स, श, फ. त्यामुळे शब्द ऐकू येतो, पण कळत नाही. ओरडून उपयोग नाही. चांगल्या कानाच्या बाजूला बसा, उजेड तुमच्या तोंडावर येईल असं बसा, आवाज खाली ठेवून सावकाश बोला. बैठक एक तासाची, फार तर दीड. सकाळची वेळ उत्तम.

काय विचारायचं

'तुमचे नौदलातले अनुभव सांगा' असं विचारलं की शंभरदा सांगून गुळगुळीत झालेला किस्साच येतो. त्याऐवजी जागा विचारा. एक मोठा कागद आणि पेन्सिल द्या आणि त्यांच्या मेस डेकचा, म्हणजे जहाजावरच्या राहण्या-जेवण्याच्या जागेचा, नकाशा काढायला सांगा. शिडी कुठे, बंक किती थरांचे, त्यांचा कितवा, डोकं कुठल्या बाजूला, लॉकर कुठे, गॅलीकडे (स्वयंपाकघराकडे) जायची वाट कोणती. दुसऱ्या फोनने फक्त हात आणि कागद टिपा. 'इथे पाइप होता, याला डोकं आपटायचं' हे वाक्य नकाशा काढतानाच येतं, समोरासमोर बसून येत नाही.

हातांना तर आणखी लक्षात असतं. दीड मीटर लांब, बोटाएवढी जाड दोरी समोर ठेवा. काही न विचारता माणूस बोलाइनची गाठ बांधायला लागतो: एक फास, त्यातून टोक वर, उभ्या दोरीमागून फिरवून परत फासात खाली. बांधून झाल्यावर विचारा, ही कुणी शिकवली, चुकलं तर काय व्हायचं. प्रशिक्षकाचं नाव, त्याचा आवाज, मैदानावरचं ऊन, सगळं दोरीबरोबर वर येतं.

मग वेळ विचारा. जहाजावरचा दिवस वॉचमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, कापलेला असतो. रात्री ८ ते १२ फर्स्ट, १२ ते ४ मिडल, ४ ते ८ मॉर्निंग, मग दुपारी १२पर्यंत फोरनून आणि ४पर्यंत आफ्टरनून. संध्याकाळचे चार तास मात्र दोन-दोन तासांच्या दोन डॉग वॉचमध्ये विभागतात. त्यामुळे दिवसाचे सात भाग होतात आणि रोज त्याच माणसावर मिडल वॉच येत नाही. हे माहीत असेल तर 'रात्रपाळी असायची का?' असा प्रश्न न येता 'मिडल वॉचला उठवायला कोण यायचं? उठल्यावर पहिलं काय करायचात?' असा प्रश्न येतो. उत्तरातला फरक पहिल्याच दिवशी ऐकू येईल.

शाखेप्रमाणे प्रश्न बदला. स्टोकरला (बॉयलर-इंजिनवाल्याला) उष्णतेबद्दल आणि घामोळ्यांबद्दल, सिग्नलवाल्याला झेंडे आणि दिव्यांबद्दल, कूकला जहाज डोलत असताना पातेली कशी बांधायची याबद्दल. कूक आणि रायटर (कारकुनी करणाऱ्या) मंडळींना 'आमचं काय सांगण्यासारखं' असं वाटत असतं. दोनशे माणसांचं जेवण रोज वेळेवर काढणं हे सांगण्यासारखंच आहे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

वर्ष आठवत नसेल तर 'कधी?' असं खोदत बसू नका. आधार द्या. गोवा मुक्ती डिसेंबर १९६१ची, कराचीवरचा क्षेपणास्त्र नौकांचा हल्ला ४ डिसेंबर १९७१च्या रात्रीचा, विमानवाहू नौका विराट मे १९८७मध्ये नौदलात दाखल झाली, मालदीवची मोहीम नोव्हेंबर १९८८ची, त्सुनामी २६ डिसेंबर २००४ची. त्याच्या आधी की नंतर? घरच्या घटना याहून पक्क्या असतात. बहिणीचं लग्न, मुलाचा जन्म, पत्रावरचा टपालाचा शिक्का.

कुठे थांबायचं

९ डिसेंबर १९७१ला, युद्धात, दीवजवळ खुकरी ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या पिढीच्या अनेकांचा कुणी ना कुणी सोबती त्यात होता. अशा विषयाला पहिल्या बैठकीत हात घालू नका, आणि 'भीती वाटली का?' हे तर कधीच विचारू नका. त्यांनी स्वतः काढलं तर गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता तुम्हाला लांब वाटते, त्यांना ती लागते. मुद्रण बंद करायचं का, हे एकदा विचारा आणि सांगतील तसं करा. बैठक त्याच विषयावर संपवू नका. उठण्याआधी पंधरा मिनिटं सुट्टीतल्या, बंदरातल्या, खाण्यापिण्याच्या गोष्टी होऊ द्या. त्या रात्री झोप कशी लागली, हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा.

काही गोष्टी ते सांगणार नाहीत, आणि ते बरोबर आहे. १९२३चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. सांकेतिक भाषा, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी, सोनारची क्षमता, पाणबुडीचा मार्ग, यांवर आग्रह धरू नका. 'ते नको' म्हणाले की पुढचा प्रश्न.

बाहेर पडल्यानंतरचं

इथे बहुतेक मुलाखती दहा मिनिटांत आटपतात: 'मग बँकेत लागलो, मग रिटायर झालो.' पहिल्या वर्षावर थांबा. शेवटच्या दिवशी गेटबाहेर पडताना हातात काय होतं? पहिल्या सकाळी किती वाजता जाग आली? पहिल्या अर्जात 'अनुभव' या रकान्यात काय लिहिलं? जहाजावर चीफ पेटी ऑफिसर म्हणून पन्नास जणांना कामाला लावणारा माणूस बाहेर कारकून किंवा सुरक्षारक्षक म्हणून रुजू होतो आणि वयाने लहान साहेबाकडे रजा मागतो, तेव्हा काय वाटलं हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. सरळ विचारा. राग असेल तर तोही नोंदवा.

घर हा वेगळाच विषय. नवरा समुद्रावर असताना रेशन, शाळा, आजारपण, गावाकडचं शेत हे सगळं बायकोने सांभाळलेलं असतं. तो कायमचा घरी आला की दोन कर्त्या माणसांचं एक घर होतं. म्हणून तिची बैठक वेगळी घ्या, तो खोलीत नसताना. समोर असला की ती 'हेच सांगतील' म्हणून थांबते. मुलांना विचारा, बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा पहिले दोन दिवस कसे जायचे. आणि कोणती सवय अजून गेली नाही तेही विचारा. कपड्यांची घडी, दाराची कडी दोनदा तपासणं, पाच मिनिटं आधी तयार होऊन बसणं.

उतरवून काढणं

एका तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास धरा. बोलतील तसं लिहा. नौदलाची बोली हिंदी, इंग्रजी आणि मराठीची मिसळ असते. 'लिबर्टीला गेलो' याचं 'फिरायला गेलो' करू नका. अर्थ शेवटी शब्दसूचीत द्या. तारीख किंवा जहाज चुकीचं वाटलं तर मजकूर बदलू नका, खाली वेगळी टीप लिहा. कागद आणि आठवण जुळत नाहीत तिथे कधी कधी कागदच चुकलेला असतो.

फोटो ६०० डीपीआयवर, टिफ स्वरूपात स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा उठाव चेहऱ्यावर उमटतो. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग आडनाव, मग बैठकीचा क्रमांक असं ठेवा. तीन प्रती करा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. काही बाहेर द्यायचं असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्या आणि त्याआधी सेवा क्रमांक, पेन्शनचे आकडे झाका.

उतरवलेली प्रत १६ पॉइंटच्या टायपात, उजवीकडे तीन बोटं समास सोडून छापा आणि पेन्सिलसह त्यांच्याकडे आठवडाभर ठेवा. ते बहुतेक सोबत्यांची नावंच दुरुस्त करतील, आणि समासात तुम्ही न विचारलेली आणखी दोन-चार नावं लिहून ठेवतील. पुढची बैठक त्या नावांपासून सुरू करा.