बचावपथकाने नागरिकांच्या संरक्षणाचे आवाहन कसे लिहावे

युद्धात ढिगाऱ्याखालून माणसे काढणाऱ्या स्वयंसेवकांनी आवाहनात आधी मागणी लिहावी आणि व्यथा नंतर मांडावी. कारण सहानुभूती व्यक्त करून कोणताही मुत्सद्दी मोकळा होतो, नेमकी मागणी टाळणे मात्र त्याला जड जाते. मागणी शक्यतो आधीच मान्य झालेल्या बंधनाशी जोडावी. सीरियातील ‘व्हाइट हेल्मेट्स’ या स्वयंसेवी बचावपथकाचे तत्कालीन प्रमुख राएद सालेह जून २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेच्या सदस्यांपुढे बॅरल बॉम्बविषयी (स्फोटके भरून हवेतून टाकलेल्या पिंपांविषयी) बोलले, तेव्हा नागरी वस्त्यांवरील त्यांचा वापर थांबवण्याची मागणी परिषदेनेच फेब्रुवारी २०१४ च्या ठराव २१३९ मध्ये केलेली होती.

पुराव्यात हल्ल्याची वेळ, ठिकाण आणि शस्त्राच्या अवशेषांची छायाचित्रे द्यावीत. मदतीला धावलेल्यांवर त्याच जागी दुसरा हल्ला झाला असेल, तर दोन्ही वेळा स्वतंत्र नोंदवाव्यात, कारण दुसरा हल्ला हेतुपुरस्सर होता का, हे त्यांतील अंतरावरून तपासता येते. नोंदीसाठी बचावकार्य थांबवू नये, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याचा आधार जपून घ्यावा. नागरी संरक्षण दलाला विशेष संरक्षण आणि नारिंगी पार्श्वभूमीवरील निळ्या त्रिकोणाचे चिन्ह देणारा जिनिव्हा करारांना जोडलेला १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल (पूरक करार) आंतरराष्ट्रीय युद्धांसाठी आहे. यादवी युद्धात १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत सामाईक असलेल्या, लढाईत भाग न घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कलम ३ चा आधार घ्यावा.

बचावकेंद्रांचे अक्षांश-रेखांश जाहीर करू नयेत. वायव्य सीरियात हल्ला होऊ नये म्हणून संयुक्त राष्ट्रांमार्फत लढणाऱ्या पक्षांना कळवलेल्या ठिकाणांवरही हल्ले झाले होते. वाचलेल्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय देऊ नयेत.