बरोक मठाचे चांदीचे नाणे जपताना या चुका टाळा

ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने २००६ ते २००८ या काळात देशातल्या मोठ्या मठांवर दहा युरोची चांदीची नाणी काढली. त्यातले २००७ चे मेल्क मठाचे नाणे मला सर्वांत प्रिय. डॅन्यूबकाठच्या कड्यावरचा हा बेनेडिक्टाइन मठ याकोब प्रांडटाउअर या वास्तुकाराने १७०२ पासून नव्याने उभारायला घेतला. तिथल्या चर्चच्या छतावर योहान मिखाएल रॉटमायरची भित्तिचित्रे आहेत. बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातल्या भव्य, नटव्या कलेत सारा खेळ उजेडाचा असतो. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या सोनेरी वेदीसमोर उभे राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. नाण्यावर हा खेळ उठाव आणि सपाट भाग यांतल्या फरकावर चालतो. तो पृष्ठभाग बिघडला की उरते ती नुसती चांदी.

म्हणूनच सगळ्यांत वाईट चूक म्हणजे नाणे घासणे. देवाची चांदीची भांडी आपण चिंच, राखुंडी, टूथपेस्ट लावून लख्ख करतो आणि त्याच सवयीने हात नाण्याकडे वळतो. कृपया तसे करू नका. प्रूफ नाण्याची (संग्राहकांसाठी खास चकाकीने पाडलेल्या नाण्याची) पार्श्वभूमी आरशासारखी गुळगुळीत असते. मऊ फडक्यानेही त्यावर केसाएवढे बारीक ओरखडे उठतात आणि ते कधीच जात नाहीत. सराफाकडचे चांदी उजळण्याचे द्रावणही टाळा, कारण ते काळेपणाबरोबर चांदीचा पातळ थरही खाते.

आधी डाग कसला आहे ते पाहा. पिवळसर, निळसर किंवा करडी झाक ही हवेतल्या गंधकामुळे येते. ती तशीच राहू द्या. कित्येक संग्राहक अशी झाक मुद्दाम शोधतात. हिरवट, चिकट थर दिसला तर दोष पीव्हीसी या प्लास्टिकच्या मऊ पाकिटाचा. हा थर मात्र थांबत नाही, धातू खात जातो. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन नाणे त्यात बुडवा, न चोळता बाहेर काढा आणि आपोआप वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात रंग आणि तेले असतात. दुधी पांढरे ठिपके पडले असतील तर त्यांना हातच लावू नका. घरच्या घरी करण्यासारखा त्यावर सुरक्षित उपाय नाही.

नाणे ठेवायला ३२ मिलिमीटरची कडक कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक डबी, घ्या. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचे कापड यांतून गंधक सुटते, तेव्हा ती जवळ नकोत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल हवेच. ते ओले झाले की बदलायचे. नाणे धरायचे ते कडेने.

खरेदीत दोन घोटाळे वारंवार होतात. पहिला प्रतीचा. एकच नाणे साध्या, विशेष आणि प्रूफ अशा प्रतींत निघाले; साध्या प्रतीला प्रूफची किंमत मोजू नका. दुसरा मठांचा. मेल्क आणि ग्योटवाइग हे दोन्ही मठ डॅन्यूबच्या वाखाउ भागातले, दोन्ही बरोक आणि दोन्ही नाणी आकारा-वजनाने सारखी. ग्योटवाइगचे नाणे २००६ चे आहे. विक्रेत्याने काय लिहिले आहे त्यावर विसंबू नका, नाण्यावरचे नाव आणि साल वाचा.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. हे दहा युरो फक्त ऑस्ट्रियात कायदेशीर चलन आहेत, जर्मनीतल्या दुकानात चालणार नाहीत.

खरेपणाची शंका असेल तर आधी वजन करा: ९२५ शुद्धतेच्या या नाण्यात १६ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, म्हणजे एकूण वजन सुमारे १७.३ ग्रॅम. व्यास मोजा, चुंबक लावून पाहा. खरे नाणे चिकटत नाही. तरीही खात्री पटली नाही, तर क्ष-किरण यंत्र असलेल्या सराफाकडे जा आणि कसोटीच्या दगडावर घासू नका, असे आधीच बजावा.